एका मार्काचं म्युसिन

"या घरात मृत्यूला प्रवेश नाही!" असं हिम्मतरावांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून, बनियनवर, दोन्ही हात वर करून सगळ्या अपार्टमेंटला जाहीर केलं, आणि त्याच क्षणी मागे वाऱ्यानं दार धाडकन लागलं. दाराला लॅच होतं. किल्ली आत फ्रिजवर होती. मृत्यूचं पुढे काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण खुद्द हिम्मतरावांना त्यांची बायको सत्यवती दिलसुखनगरचा क्लास आटपून येईपर्यंत त्या घरात प्रवेश मिळाला नाही. ती आली तेव्हा ते समोरच्या मंगलाबाईंची शाल पांघरून पायरीवर बसले होते, आणि तरीही चेहऱ्यावरचा विजय तसूभर कमी झालेला नव्हता. "एकतीस!" ते म्हणाले. "सत्या, एकतीस आला!" तिनं आधी किल्ली काढली. मग दार उघडलं. मग पंखा लावून खाली बसली आणि तिला रडू आलं. ते मात्र शाल मंगलाबाईंना परत करायला गेले आणि तिथंही एकतीस म्हणून आले.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आज तिला ती आठवायचं काही कारण नव्हतं. आज ती दिलसुखनगरच्या त्या लांबोळक्या, खिडक्या नसलेल्या वर्गात फळ्यासमोर उभी राहून बेडूक शिकवत होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बेडूक हमखास येतो. बेडकाची त्वचा ओली, बुळबुळीत का असते, तर श्लेष्मग्रंथींमुळे, श्लेष्मात काय असतं, तर म्युसिन, एक मार्क, पुढे. गेली तीसेक वर्षं ती हे वाक्य असंच म्हणत आली होती, एका श्वासात, स्टेशन न घेता निघून जाणाऱ्या एक्स्प्रेससारखं. आजही म्हणाली, आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आला. पडू नये म्हणून तिनं तो उचलला. उचलला म्हणून पाहिला. लॅबचा निरोप होता. सत्यवती, स्त्री, वय त्रेसष्ट. सीए-१२५: चारशे बारा.

तिला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. फक्त हातातला खडू ओला झाल्यासारखा वाटला, आणि एकदम उस्मानिया विद्यापीठातली ती प्रयोगशाळा आली, फॉर्मॅलिनचा डोळ्यांत जाणारा वास, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला तो बेडूक, जो ट्रेमधून तिच्या हातात आला आणि हातातून थेट प्राध्यापकांच्या कोटाच्या खिशात गेला. धरायला गेलं की निसटतो, ही म्युसिनची पहिली ओळख तिला पुस्तकानं नव्हे, त्या बेडकानं करून दिली होती. किती गार होता तो. किती जिवंत. बोटांमध्ये राहिलेली ती बुळबुळ तिनं साबणानं तीनदा धुतली होती आणि तरी रात्री जेवताना ती वरणात आली होती. पोटात काहीतरी आहे हे अडीच वर्षांपूर्वी पहिल्यांदा कळलं तेव्हाही हेच वाटलं होतं, की तो बेडूक अखेर कोटाच्या खिशातून निघाला आणि आपल्याकडे परत आला.

"मॅडम?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. सगळा वर्ग पेन धरून थांबला होता. पेनं धावत असली की मुलं जिवंत असतात. थांबली की बावरतात. सत्यवतीनं फोन पुन्हा पालथा ठेवला. मग तिनं बेडूक पुसला. चांगला काढलेला, मागच्या पायाच्या बोटांच्या पडद्यांसकट काढलेला बेडूक पुसून तिनं फळ्यावर एक गोल काढला आणि गोलाच्या अंगभर लांब लांब काटे काढले, बाटली धुवायच्या ब्रशला असतात तसे. "ही पेशी," ती म्हणाली. "हे काटे म्हणजे म्युसिन. दांडा प्रथिनाचा, फांद्या साखरेच्या. आपल्या नाकात, आतड्यात, डोळ्यांत, सगळीकडे असतं. यांच्यामुळे घाण चिकटत नाही. देवानं दिलेलं तेलाचं बोट म्हणा. आता ही पेशी बिघडली. गुंड झाली. गुंड झाली म्हणून म्युसिन सोडते का? नाही. उलट दुप्पट अंगावर घेते. शरीराचे शिपाई तिला धरायला येतात आणि हात घसरतात." आणि ती बोलतच राहिली. अंडाशयाच्या गुंड पेशींवर त्यातलंच एक भलंमोठं म्युसिन असतं. त्याचा वरचा तुकडा तुटून रक्तात पडतो, पाल शेपूट टाकून जाते तसा. डॉक्टर लोक रक्तातल्या त्या शेपट्या मोजतात आणि आत पाली किती याचा अंदाज करतात. त्या मोजणीला सीए-१२५ असं नाव आहे. कधी कधी तर पाल नसतानाच शेपट्या दिसतात, साध्या सुजेनंसुद्धा. बोलता बोलता तिला ऐकू आलं की आपला आवाज छान लागला आहे.

"मॅडम, ये परीक्षा में आता क्या?" मागून एक पोरगा म्हणाला.

"परीक्षेत नाही येत," ती म्हणाली. "पोटात येतं. पुढे."

आणि पुढे जाऊन तिनं तास पुरा केला, हे तिला महत्त्वाचं वाटलं. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन, पंख्याखाली बसून ती पाणी प्यायली. चारशे बारा. एकतीस होता. मग गेल्या वर्षी वाढला, स्कॅनमध्ये पोटाच्या पडद्यावर तुरीच्या दाण्याएवढ्या तीन गाठी दिसल्या, पुन्हा केमो झाली, गाठींनी केमोला दाद दिली नाही. आता हे नवं औषध, अजून चाचणीत असलेलं. ते एका हातानं म्हणे त्या म्युसिनला धरतं आणि दुसऱ्या हातानं शरीराच्या शिपाई पेशीची कॉलर पकडून तिला तिथं आणून उभं करतं, की बघ, हा तुझा गुन्हेगार, आता तरी हात उचल. उद्या सकाळी त्या औषधानंतरचा पहिला स्कॅन डॉक्टर वाचून सांगणार होत्या. गाठी वाढल्या असतील तर औषध बंद, आणि त्याच्यानंतर काढून द्यायला डॉक्टरांच्या कपाटात फार काही उरलेलं नव्हतं. हे सगळं तिला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की हा आकडा आला कुठून. कारण या चाचणीत रुग्णाला आकडा सांगतच नाहीत.

मग तिला परवाची सकाळ आठवली आणि सगळं कळलं. "चल, तुझी शुगर तपासून घेऊ," असं म्हणून हिम्मतराव तिला कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये घेऊन गेले होते. तिला शुगर नव्हती. काउंटरवरच्या मुलीशी ते कुजबुजत होते आणि मधूनच मागे वळून, सासरी आलेल्या जावयासारखे, उगाच हसत होते. निरोप आपल्या फोनवर यावा असं त्यांनी त्या मुलीला बजावलंही असणार. पण लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये सत्यवतीचा नंबर दोन वर्षांपासून होता, आणि कॉम्प्युटर काही हिम्मतरावांना घाबरत नाही.

राग यायला हवा होता. रिक्षात बसल्यावर तिनं तो शोधून पाहिला. सापडला तो एक विचित्र, जुनाट जिव्हाळा. हा माणूस आकड्याशिवाय जगूच शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. भालकीजवळच्या गावातून हैदराबादेत येऊन त्यांनी सारा जन्म याच क्लासच्या ऑफिसात काढला होता; प्रवेश, हॉलतिकिटं आणि निकाल लागला की फ्लेक्स. दिलसुखनगरात आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. खांबाखांबावर, पुलापुलावर, ओळीनं पोरांचे चेहरे आणि चेहऱ्याखाली रँक: सात, एकोणीस, एकशे चार. हजाराच्या पुढे गेलेल्या पोराचा फोटो हिम्मतराव टपाल तिकिटाएवढा लावत आणि दोन हजाराच्या पुढचा मुळीच लावत नसत. अशा माणसाच्या बायकोला असा आजार व्हावा, की ज्यात दर महिन्याला एक आकडा येतो आणि तो लहान झाला की माणूस वाचतो! ऑपरेशनआधी दोन हजार एकशे काहीतरी, पहिल्या केमोनंतर नऊशे, मग दोनशे, मग साठ. दुसरा कुणी असता तर त्यानं देवाला नारळ फोडला असता. हिम्मतराव म्हणायचे, "सुधारणा आहे. अजून कट-ऑफ पस्तीसचा आहे. अभ्यास वाढवा." त्या दिवसांत डोक्यावर केस नसलेली सत्यवती, उलट्या झाल्यावर, बादलीवर वाकूनच हसत सुटली होती. हसताना पोटातले टाके ओढले जात. ते दुखणंही तिला आता रिक्षात, मलकपेटच्या गर्दीत, चक्क गोड वाटलं.

"अम्मा, बरकतपुरे में किधर?" रिक्षावाला म्हणाला.

"चमन के आगे. वो बड़ा फ्लेक्स दिखता ना, वहाँ."

"हौ, वो डॉक्टरनी अम्मा का?" तो आरशातून तिच्याकडे पाहत म्हणाला, आणि मग त्यानं आदरानं गाणं बंद केलं.

हाच तो घोटाळा. एकतीस आल्यावर हिम्मतरावांनी आपला जुना फ्लेक्सवाला प्रमोद याला फोन केला. प्रमोदनं आयुष्यात एकच नमुना छापलेला होता. त्यानं फोटो मागितला, रँक विचारली आणि बाकीचं स्वतःच्या जबाबदारीवर उरकलं. दुसऱ्या दिवशी अपार्टमेंटच्या भिंतीवर सत्यवती पांढऱ्या कोटात, गळ्यात स्टेथोस्कोप, मागून सोनेरी किरणं, खाली भल्यामोठ्या अक्षरांत 'रँक ३१' आणि त्याखाली 'हार्दिक अभिनंदन'. कॅन्सरचा उल्लेख शुभ नाही म्हणून हिम्मतरावांनीच गाळायला लावला होता. त्यामुळे सगळ्या गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. मंगलाबाई पेढे घेऊन आल्या. "या वयात मेडिकलला सीट लागली म्हणं ओ? आमचा पोरगा दोनदा बसला, त्याला नाही लागली. कोणतं कॉलेज मिळतंय?" आणि सत्यवती, टकलावरचा रुमाल सारखा करत, म्हणाली होती, "अजून काउन्सेलिंग चालू आहे." पुढे त्या मंगलाबाईंना खरं कळलं तेव्हा त्या ओशाळल्या नाहीत, "हौ का? मग ते तर सीटपेक्षा अवघड," असं म्हणून त्यांनी आणखी पेढे आणले.

गाठी परत आल्या तेव्हा सत्यवतीनं म्हटलं होतं, आता तो काढा. येता-जाता स्वतःच्या त्या तुळतुळीत, जिंकलेल्या तोंडाखालून जायला तिला नको वाटे. हिम्मतराव म्हणाले होते, "जुन्या टॉपरचा फ्लेक्स कुणी काढतं का? नवा टॉपर आला तर त्याच्यावरून लावतात." त्यावर वाद घालता आला असता, पण त्यांच्या हनुवटीला जो कंप होता तो पाहून तिनं घातला नाही. त्यांच्या लेखी तो कापड नव्हता. तो खिळ्यांनी भिंतीला ठोकून धरलेला एकतीस होता. खिळे काढले की पडणार.

आज ती त्याच्यासमोर उतरली आणि मान वर करून नीट पाहिलं. उन्हानं स्टेथोस्कोप निळसर झाला होता. गालाचा रंग उडाला होता, पण डोळे शाबूत होते. बाई बरी दिसते, तिला वाटलं. चारशे बारा, असं तिनं त्या बाईला मनात सांगितलं. फोटोतली बाई हसतच राहिली. टॉपरांना दुसऱ्यांचे आकडे ऐकायची सवय असते.

घरात गव्हाचा आंबूस वास होता. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले होते. दोन उन्हाळे तिनं कुरडया केल्या नव्हत्या. यंदा कुणालाही न विचारता तिनं मोठ्या पातेल्यात गहू ओतले होते आणि रोज त्यांचं पाणी बदलत होती. आता तिनं हात घालून गहू चिमटीत दाबून पाहिले. टचकन फुटून पांढरा चीक बाहेर आला, बोटांत ओघळला, बुळबुळीत, गार. ती तशीच उभी राहिली. हेच ते. बेडकाच्या अंगावरचं, पोटातल्या त्या गुंडांच्या अंगावरचं आणि हे, सगळं बोटांना एकच लागत होतं. पुस्तकात त्यांची नावं वेगळी असतात हे बोटांना कोण सांगणार. तिला किळस आली नाही. उलट, सगळं जगच असल्या कुठल्यातरी ओलसर, निसरड्या गोष्टीतून जन्माला येतं आणि हातातून निसटतच जिवंत राहतं, असं काहीतरी तिला एकदम पटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण बाहेरच्या खोलीत हिम्मतराव फोन पाहत बसले होते.

ते फोन पाहत, खिशात ठेवत, पुन्हा काढत. चहा करायला उठले आणि ओट्यावर फोन उभा ठेवून चहा केला. साखर दोनदा घातली.

"काय बघायलाव सारखं?" ती म्हणाली.

"स्कोअर."

"कुठली मॅच?"

हिम्मतरावांनी विचार केला. "जुनी," ते म्हणाले.

"मग निकाल माहीतच असेल की."

"पण बघायला बरं वाटतंय."

मग ते बाल्कनीत गेले. काचेतून तिला त्यांची पाठ दिसत होती. पाठ सांगत होती की ते लॅबला फोन लावताहेत. "पाठवला? कुठं पाठवला?" एवढंच ऐकू आलं, आणि मग पाठ हळूहळू वळली. त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. तिनं चहाचा घोट घेतला. भयंकर गोड होता. तिनं तोंडावरची रेषही हलू दिली नाही, पाककृती दाखवणाऱ्या बाईसारखी ती प्रसन्न राहिली. सांगावं, असं तिला एकदा वाटलं. सांगितलं तर आजच्या आज हा माणूस खचेल. न सांगितलं तर त्याला उद्या सकाळपर्यंतची मुदत मिळेल. आणि तिलाही. चारशे बारा हा आकडा तोवर तिच्या एकटीचा राहील, तिच्या पोटात, जिथं तो तसाही आहेच. आत आल्यावर ते तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "गव्हाचं पाणी बदललंस का?"

"बदलते की."

"मी बदलतो," असं म्हणून त्या माणसानं, ज्यानं जन्मात कधी पातेलं उचललं नव्हतं, ते पातेलं उचललं, आणि निम्मे गहू मोरीत सांडले. दोघांनी मिळून ते एकेक करून वेचले. गुडघ्यांवर बसून, ओल्या फरशीवर. तिला वाटलं, आपल्याला मरायला सवड नाही असं नव्हे, पण हे गहू कुणी वेचायचे?

सकाळी हॉस्पिटलात नंबर लवकर लागला. डॉक्टर रसिका पुण्याहून आलेल्या, पस्तिशीच्या, सरळ भांग, सरळ बोलणं. हिम्मतरावांचं मराठी ऐकताना त्यांच्या भुवया नेहमी थोड्या वर जात, आणि त्यांचं मराठी ऐकताना हिम्मतराव नेहमी ताठ बसत, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे. "बसा काकू," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा वळवू लागल्या. पण सत्यवतीनं आधी फोन पुढे केला. का, ते तिला कळलं नाही. कदाचित प्रश्नपत्रिका उघडण्याआधीच आपला जुना निकाल सांगून टाकणाऱ्या पोरांसारखं. "हे आधी बघा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाहिलं. हिम्मतरावांनी, मान लांब करून, पाहिलं. आणि मग त्या खोलीत सत्यवतीनं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, कारण शेजारच्या खुर्चीतून एक असा आवाज आला, जो फुग्यातली हवा जाताना फुगा स्वतः ऐकत असेल.

"ही टेस्ट तुम्हाला करायला कुणी सांगितली?" डॉक्टर म्हणाल्या.

"शुगर..." हिम्मतराव म्हणाले.

"काका, ही शुगर नाहीये."

"हौ."

"पहिल्याच दिवशी, काकू आत असताना, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? या औषधावर असताना हा आकडा धरायचा नाही, म्हणून आम्ही तो सांगतही नाही. तुम्ही चांगली मान डोलावलीत."

"मी मान डोलावली," हिम्मतराव दीनपणे म्हणाले, "पण ऐकत नव्हतो. मी कट-ऑफ किती ते विचारायच्या तयारीत होतो."

डॉक्टर रसिकांनी ओठ दाबले. हसू आवरायची ही पुणेरी रीत सत्यवतीच्या लक्षात आली आणि ती खुर्चीत जरा मागे टेकली. जिला वाईट बातमी सांगायची आहे ती बाई हसू आवरत नाही. "काकू, तुम्ही प्राणिशास्त्राच्या, तुम्हाला पटकन कळेल. औषध म्युसिनला धरतं. पेशीवरच्याही आणि तुटून रक्तात पडलेल्या तुकड्यालाही."

"शेपटी," सत्यवती म्हणाली.

"काय?"

"पालीची शेपटी. पाल सोडून जाते ती."

डॉक्टर थांबल्या. "बरोबर. शेपटीच. एरवी शरीर त्या शेपट्या झाडून टाकतं. पण औषधानं धरून ठेवलेली शेपटी लवकर जात नाही, रक्तातच फिरत राहते. म्हणजे मोजणाऱ्याला वाटतं..."

"शेपट्या वाढल्या," सत्यवती हळूच म्हणाली, "म्हणजे पाली वाढल्या." आणि मग तिला पुढचं वाक्य दिसलं, फळ्यावर लिहिल्यासारखं, पण ते तिनं म्हटलं नाही, वर्गात कधी कधी उत्तर माहीत असूनही पोरं हात वर करत नाहीत, ते का, हे तिला इतक्या वर्षांनी समजलं.

पडदा वळला. काळं, करडं, पांढरं. तिच्या पोटाचं आतलं आभाळ. डावीकडे मागच्या वेळचं, उजवीकडे आताचं. डावीकडचे ते तीन दाणे तिला पाठ होते, अंगणातल्या खड्यांसारखे. तिनं उजवीकडे पहिला शोधला. नव्हता. दुसरा शोधला. पुन्हा शोधला. तिसरा होता, पण त्याला शोधायला डॉक्टरांना पेनाचं टोक लावावं लागलं. मुगाच्या डाळीचा अर्धा. "दोन गेल्या," डॉक्टर म्हणाल्या. "ही जाते आहे. मी बरं झालं असं म्हणणार नाही, काकू, तो शब्द मी सहजासहजी वापरत नाही. पण औषध काम करतंय. चांगलंच करतंय."

आणि त्यानंतर डॉक्टर बरंच बोलल्या, औषध कधी, ताप आला तर काय करायचं, पण सत्यवती तिथं नव्हती. ती त्या आभाळात होती. तिला दिसत होतं, अगदी स्पष्ट, की त्या निसरड्या, माजलेल्या, साखरेच्या फांद्यांचं चिलखत घातलेल्या गुंडाला कुणीतरी त्याच्याच चिलखताला धरून ओढलं आहे. ज्याच्यावरून सगळ्यांचे हात घसरत होते त्याचीच मूठ केली आहे. बुळबुळीत अंगाचा बेडूक प्राध्यापकांच्या खिशात गेला तेव्हा सगळी प्रयोगशाळा हसली होती, आणि तिनं, बावीस वर्षांच्या पोरीनं, रडवेली होऊन, खिशात हात घालून त्याला बाहेर काढलं होतं. मागच्या दोन पायांना धरून. त्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आता वाजत होत्या. कुठून येत होत्या ते तिला कळेना. पोटातून, कानातून, उस्मानिया विद्यापीठाच्या त्या दगडी जिन्यांवरून. आयुष्यभर जे वाक्य ती एका मार्काचं म्हणून श्वास न घेता पार करून गेली, त्याच वाक्यानं तिला आत घेतलं होतं, जेवू घातलं होतं आणि सांगितलं होतं, बाई, बसा, घाई काय आहे. तिला ओरडावंसं वाटलं. बेडकाच्या नावानं ओरडावंसं वाटलं. पुढच्या बॅचला हे सगळं, सगळं शिकवायचं, परीक्षेत येवो न येवो, आणि मागच्या बाकावरच्या त्या पोराला उभं करून विचारायचं, सांग, पाल कुठे आहे?

"मग खरा आकडा किती म्हणायचा?" हिम्मतराव विचारत होते. ते उभे राहिलेले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नव्हतं, कारण हात दोन्ही, सवयीनं, वर जायच्या बेतात होते.

"माहीत नाही, काका."

"अंदाजे?"

"नाही. आकडा नाही. या वेळी फक्त काकू आहेत."

हे वाक्य हिम्मतरावांना नीटसं पचलं नाही, पण हात वर गेलेच. "विज्ञानाचा विजय असो!" त्यांनी कॉरिडॉरमध्ये येऊन जाहीर केलं. शिपायानं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डावर एक नर्स ओठांवर बोट ठेवून उभी होती. "असो," हिम्मतराव हळू आवाजात म्हणाले आणि लिफ्टकडे चालू लागले. चालता चालता त्यांनी कोंडापूरला लेकीला, चारुलताला, फोन लावला. "दोन गेल्या, एक जायली आहे! रँक? रँक नाही दिली, पोरी. असं असतंय म्हणं, टॉप मोस्टला रँक नसती." पलीकडे चारुलता ऑफिसात असावी, तिथून "पप्पा, आईला फोन द्या ना, प्लीज" असं म्हणून जो आवाज झाला तो काही मीटिंगमध्ये करायचा नव्हे. सत्यवतीनं फोन कानाला लावला आणि मायलेकी फोनवरच चार मजले खाली आल्या.

रिक्षा चादरघाटच्या पुलावर आली तोवर हिम्मतरावांचा नवा फ्लेक्स अर्धा तयार होता. दुप्पट मोठा. मागे किरणं नकोत, सूर्यच. स्टेथोस्कोप नको, ढाल द्यावी, तलवार द्यावी. प्रमोदला फोन लागलेला होता. "आकडा?" हिम्मतराव त्याला सांगत होते, "आकडा नाही रे बाबा. अरे, आकडाच नाही, हीच तर बातमी आहे! आकड्याच्या जागी? थांब." त्यांनी फोनवर हात ठेवला. मूसी नदीचा वास रिक्षाभर भरला होता आणि सत्यवतीनं तो, बाकी सगळ्या जगासारखा, छाती भरून घेतला. "सत्या, आकड्याच्या जागी काय टाकायचं? तू सांग. आज तू म्हणशील ते. हैदराबादेत कुणी लावला नाही असला लावू. तुझी काय इच्छा आहे ते एकदा बोल."

सत्यवतीनं खरोखर विचार केला. मग ती म्हणाली, "नवा राहू द्या. तो जुना तेवढा उतरवून, धुऊन, आज गच्चीत अंथरून द्या. गहू आंबलेत, उद्या कुरडया घालायच्यात. आणि फोटोची बाजू खाली करा, रंग लागतो."